कपाटाच्या बदल्यात

१ सप्टेंबर, गुरुवार

ही वही ताईने चार वर्षांपूर्वी दिली होती, बायको घर सोडून गेली त्या महिन्यात. "बोलत नाहीस तर निदान लिही, नाहीतर डोक्याला बुरशी चढेल," असं म्हणाली होती. मी तिच्यात पॉलिशची प्रमाणं दोन पानभर लिहिली आणि ठेवून दिली. आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलंय म्हणून काढली.

आज अदलाबदल ठरली. माझं अक्रोडाचं कपाट जाणार आणि वाद्यांच्या कारागिराची बेस गिटार येणार. हाताने घडवलेली, एकुलती एक, बिनपडद्यांची. दीड वर्ष ती त्याच्या दुकानात मागच्या भिंतीवर टांगलेली बघतोय. जुन्या गिटारची खुंटी बसवायला गेलो तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "विकायची नाही." तारा आणायला गेलो तेव्हा पुन्हा विचारलं. "विकायची नाही." आज तर मी नुसतंच विचारायला गेलो होतो. त्याने चष्म्यावरून माझ्या हातांकडे बघितलं. नखांत पॉलिश होतंच.

"करतोस काय तू?"

"लाकडी सामानाला पॉलिश करतो, काका. शनिवारी संध्याकाळी बँडमध्ये वाजवतो."

त्याने माझा तळवा उलटा करून बघितला. मग म्हणाला, "कपाट आहे का एखादं? बिनआरशाचं. कुलूप लागेल असं."

आहे म्हटलं. घरात एक उभं आहे, रिकामं. त्याला बहुधा हत्यारं ठेवायला हवं असेल.

अट एकच घातली, म्हणजे तशा दोन. दर रविवारी सकाळी तो माझ्याकडे येणार आणि दहा मिनिटं गिटार हातात घेऊन बघणार. आणि तिला काही करायचं झालं तर आधी त्याला विचारायचं. म्हटलं, काका, रोज या, चहा प्या. ही कारागीर मंडळी अशीच असतात. वस्तू देतात पण सोडत नाहीत.

ताईला फोन केला. तिला पडदे म्हणजे काय ते सांगावं लागलं. गिटारच्या मानेवर आडव्या तारा ठोकलेल्या असतात, बोट त्यांच्या मागे कुठेही टेकवलं तरी सूर बरोबर लागतो. हिला त्या नाहीत. नुसतं गुळगुळीत लाकूड, सूर आपण शोधायचा.

"म्हणजे चुकायची सोय करून घेतलीस," ताई म्हणाली. मग विचारलं, "ते कपाट का तिचं?"

तिचं कसलं? केलंय मी.

३ सप्टेंबर, शनिवार

कपाट गेलं. मी, आमच्या बँडचा ड्रमवाला आणि एक हातगाडी. ड्रमवाल्याला आम्ही भूकंप म्हणतो. वाजवतानाही आणि जिना उतरतानाही.

सकाळी कपाटाला शेवटचा हात मारला. बाहेरून आरशासारखं केलं. आतल्या बाजूला, डाव्या दारावर बायकोने चिकटवलेला कागद होता. तिचं बारीक, उजवीकडे झुकणारं अक्षर. "लोकरीचे वर. रोजचे मध्ये. त्याचे शर्ट खाली, इस्त्री केल्याशिवाय ठेवू नयेत." गरम पाण्याचं फडकं लावून बघितलं, एक कोपरा सुटला. खालचं पॉलिश उठायला लागलं म्हणून थांबलो. राहू दे, त्यांचं ते काढतील. दुसऱ्याला देताना आत कचरा ठेवून दिला याचं जरा वाईट वाटलं.

दुकानाच्या वरच ते राहतात. काकूंनी दार उघडलं. बारीक चणीच्या, पांढऱ्या वेणीच्या. कपाटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती मऊ आहे रे." माझ्या कामाला इतकं साधं आणि इतकं बरोबर कुणी बोललं नव्हतं.

येताना गिटार पोटाशी धरून आणली. भूकंप म्हणाला, "अरे, पिशवीत आहे ती, थंडी नाही वाजणार तिला."

घरी आल्यावर जिथे कपाट होतं तिथे भिंतीचा रंग गडद निघाला. चार वर्षं दिसलं नव्हतं की बाकीची भिंत इतकी फिकी पडलीय. गिटार तिथेच टेकवून ठेवली.

४ सप्टेंबर, रविवार

म्हातारा दहाच्या ठोक्याला हजर. चहा नको म्हणाला. खिडकीजवळच्या स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले. वाजवेल म्हणून मी कान टवकारून उभा. पण त्याने वाजवलीच नाही! डाव्या हाताची बोटं नुसती मानेवरच्या बोटपट्टीवर ठेवत गेला, एकेक करून, अगदी सावकाश. दहा मिनिटं झाली तसा उठला, टोपी घातली, "येतो," म्हणाला.

म्हटलं, आता दर रविवारी हा कार्यक्रम.

७ सप्टेंबर, बुधवार

काय आवाज आहे! जुनी गिटार ठणठणायची, ही गुणगुणते. बोट टेकवलं की सूर जरा खालून येतो आणि मग जागेवर बसतो, दारातून वाकून आत येणाऱ्या उंच माणसासारखा. मी मुद्दाम तसं करत नाही. बोटच घसरत जाऊन तिथे बसतं.

बायको म्हणायची, "तू वाजवतोयस की नाही हे कळतच नाही." आता कळलं असतं. हे लिहिलं आणि लगेच वाटलं, कुणाला सांगतोयस बाबा?

११ सप्टेंबर, रविवार

आज म्हाताऱ्याने चहा घेतला. म्हणून थोडा बोलला.

गिटार त्याने मुलीसाठी केली होती. ती सतरा वर्षांची असताना. तिचे हात लहान म्हणून मान बारीक ठेवली, तेव्हाच मला ती इतकी हलकी का वाटते ते कळलं. "तिने मात्र खरखरीत तारा लावल्या. मी सांगायचो, गुळगुळीत लाव, नाहीतर लाकूड खाल्लं जाईल. ऐकेल तर शपथ. म्हणायची, खरखरीत तारांचाच आवाज माणसासारखा येतो. रोज ओरडायचो मी. रोज. बोटपट्टी खराब करतेस म्हणून."

बोटपट्टीवर खरंच खड्डे आहेत. पहिल्या दोन तारांखाली, लांबट, उथळ. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला लागतात. माझं बोट घसरतं ते यांच्यामुळेच.

"आता नाही का वाजवत ती?" मी विचारलं.

"नाही. आता नाही वाजवत," म्हणाला आणि कप खाली ठेवला.

लग्न करून गेली असेल, नाहीतर दुसरं काही खूळ. बापाने रात्रंदिवस खपून करून द्यायचं आणि पोरांनी भिंतीला टांगून निघून जायचं. मला मूल नाही याचं कधीकधी बरं वाटतं.

१५ सप्टेंबर, गुरुवार

तालमीत मास्तरांनी वाजवणं मध्येच थांबवलं. मास्तर म्हणजे आमचे अकॉर्डियनवाले आणि बँडचे मालक. भाता अर्धा उघडा ठेवून मान वाकडी करून बसले.

"माशी कुठे घोंघावतेय?"

मी पुन्हा तो सूर वाजवला. करकरला. तार खड्ड्याच्या पुढच्या कडेला घासते आणि करकर येते.

"तुझ्या गिटारीत माशी शिरलीय," मास्तर म्हणाले. भूकंप खिदळला. मास्तर मात्र हसत नव्हते. चोवीस तारखेला मोठ्या हॉलचा व्यवस्थापक ऐकायला येणार आहे. वर्षभराचं काम आहे, दर आठवड्याचं. "तोवर माशी मार, नाहीतर जुनी गिटार आण. आणि ते जमत नसेल तर तसं सांग, दुसरा बेसवाला मिळतो मला."

अकरा वर्षं झाली या बँडमध्ये. घरातून माणूस गेलं तेव्हाही शनिवार चुकवला नाही. आता शनिवारही गेला तर माझ्याकडे सोमवार ते शुक्रवारच उरतात.

१८ सप्टेंबर, रविवार

म्हाताऱ्याला आज हळूच विचारलं. "काका, हा सूर जरा करकरतो का हो?"

त्याने डोळे मिटलेलेच होते. बोट तिथेच होतं. "तिथे करकरतोच," म्हणाला.

"काही करता येईल का?"

"काही करायचं नाही तिथे."

विषय संपला. मला वाटतं, त्याला वाईट वाटतंय. आपल्या हातची वस्तू, तीत दोष निघाला, वर दुरुस्त करायला नजर राहिली नाही. हात तर बोटं ठेवतानाही थरथरतात. कोण कबूल करेल? मीही केलं नसतं.

२२ सप्टेंबर, गुरुवार

(मूळ पान आता या वहीत नाही. काकांच्या टेबलाशी बसून ही नक्कल उतरवली. एक शब्दही बदललेला नाही.)

आज सुट्टी टाकली. माशी मारायचीच. म्हाताऱ्याला विचारलं तर नको म्हणणार, आणि परवा कार्यक्रम. त्यापेक्षा करूनच दाखवू. रविवारी हात लावेल आणि तोंडात बोट घालेल.

तारा काढल्या. स्टीलची फूटपट्टी उभी धरून मागून दिवा लावला, फटीतून उजेड दिसतो तिथे खड्डा. दुसरा कागद हाताशी नाही म्हणून इथेच लिहितोय. मापं वरच्या टोकापासून.

पहिली तार: ९.१ सेंटी, नखाएवढा. १३.४, उथळ. २१.४, सर्वांत खोल, लांबट, माशी इथेच. २८.४, रुंद.

दुसरी तार: ९.१, जेमतेम. २१.४, खोल. २८.४, उथळ, जरा तिरका.

गंमत म्हणजे सगळेच्या सगळे खड्डे खऱ्या जागेच्या तीन मिलिमीटर अलीकडे आहेत. खरी जागा दाखवायला मानेच्या कडेला पांढरे ठिपके आहेत, ते या बाईने बहुतेक कधी बघितलेच नाहीत. कान कच्चा. बापाने सोन्यासारखं वाद्य करून दिलं आणि लेकीने आयुष्यभर बेसूर वाजवून लाकडाला खड्डे पाडले. बरं झालं सोडलंन. म्हाताराही तसाच, दर रविवारी येऊन आपलंच बिघडलेलं काम चाचपत बसतो.

११ वाजता सुरुवात, ४ वाजता संपलं. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून आधी जाड, मग मध्यम, मग बारीक. शेवटी तेलाचा हात. फूटपट्टी ठेवली, उजेड कुठेच नाही. काच झालीय काच. एवढं सपाट काम गेल्या दहा वर्षांत केलं नसेल. शिसवी लाकडाची भुकटी बाटलीत भरून चिठ्ठी लावून ठेवली, कुठे भेग बुजवायला गोंदात कालवता येईल.

२४ सप्टेंबर, शनिवार

काम मिळालं! वर्षभराचं. एकही माशी नाही. व्यवस्थापक मास्तरांना म्हणाला, "तुमचा बेस अगदी स्वच्छ आहे हो." मास्तरांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. भूकंप मात्र गाडीत म्हणाला, "छान वाजली. पण आधीची ती गुणगुण कुठे गेली रे?" त्याला काय कळतंय. स्वतः भांडी बडवतो.

ताईला फोन केला. ती रडलीच. "चार वर्षांनी तुझा आवाज आनंदी ऐकला," म्हणाली. मीही जरा गहिवरलो.

उद्या म्हातारा येईल. बिस्किटं आणून ठेवलीत.

२५ सप्टेंबर, रविवार

तो आला. मी हसू दाबून उभा राहिलो.

स्टुलावर बसला, डोळे मिटले, बोट ठेवलं. मग उचललं. पुन्हा ठेवलं. वर नेलं, खाली नेलं. घरातलं दिव्याचं बटण अंधारात हाताला लागू नये तशी त्याची बोटं फिरत होती. चारही तारांवरून फिरली. मग त्याने डोळे उघडले आणि मान खिडकीच्या उजेडात धरली.

"कधी केलंस?"

"गुरुवारी. पाच तास लागले. बघा ना, आता कुठेच करकर नाही."

त्याने मानेवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाला, "छान झालंय. हात चांगला आहे तुझा."

गिटार माझ्याकडे दिली. ती देताना दोन्ही हातांनी दिली. चहा तसाच राहिला, बिस्किटंही. टोपी खुंटीला विसरून गेला, मी खिडकीतून हाक मारली पण त्याने वर बघितलं नाही.

लागलं असणार त्याला. आपलं काम दुसऱ्याने सुधारलं की कारागिराला लागतंच. होईल दोन दिवसांत ठीक.

२ ऑक्टोबर, रविवार

आला नाही.

५ ऑक्टोबर, बुधवार

टोपी द्यायचं निमित्त करून गेलो. दुकान बंद. वर गेलो, काकूंनी दार उघडलं. काका आतल्या खोलीत झोपलेत म्हणाल्या. दुपारी चार वाजता.

माझं कपाट समोरच उभं होतं, एक दार उघडं. मला वाटलं होतं आत रंधे, पटाशा असतील. आत एका मुलीचं सगळं होतं. लहान मापाचे बूट तीन जोड, लोकरीची टोपी, गाण्यांच्या वह्या, गुंडाळून ठेवलेल्या जुन्या खरखरीत तारा.

मी माझ्या मूर्खपणात विचारलं, "ती आली की लागत असेल ना हे सगळं?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला ह्यांनी सांगितलं नाही? अरे, ती वारली. तीन वर्षं झाली. आजारी पडली आणि पाच महिन्यांत संपलं सगळं. एकवीस वर्षांची होती."

मी खाली बसलो. खुर्ची होती की नाही तेही बघितलं नाही.

त्या सांगत राहिल्या. ती गेल्यावर काका दिवसभर ती गिटार मांडीवर घेऊन बसायचे. लेकीच्या बोटांनी पडलेल्या खड्ड्यांत आपली बोटं ठेवायचे. दुकान उघडायचे नाहीत, जेवायला उठायचे नाहीत. शेवटी काकूंनीच हट्ट धरला, गिटार घरात नको. कुणीतरी वाजवणाऱ्याकडे जाऊ दे, तुम्ही आठवड्यातून एकदा जाऊन या. "दीड वर्ष माणूस ठरेना ह्यांचा. मग एक दिवस म्हणाले, मिळाला. लाकडाची काळजी घेणारा माणूस आहे, हात बघितलेत मी त्याचे."

माझे हात. हेच ते.

"काकू, मी..."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "त्यांनी आल्या आल्या सांगितलं. रागावले नाहीत रे ते तुझ्यावर. रागावले असते तर बरं झालं असतं."

टोपी माझ्या हातातच राहिली होती, ती त्यांनी काढून घेतली.

६ ऑक्टोबर, गुरुवार

कामावर गेलो नाही. भुकटीची बाटली समोर ठेवून बसलो. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात, "शिसवी, बारीक, २२ सप्टें." तिचं चार वर्षांचं वाजवणं एका औषधाच्या बाटलीत मावलं, तेही अर्ध्यातच. ही नेऊन देऊ? काय सांगू, घ्या तुमची लेक?

ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं समजूत घालेल. ती म्हणाली, "तुला विचारायला सांगितलं होतं ना त्यांनी?"

हो. सांगितलं होतं. ऐकलं नाही. मला माझं काम दाखवायचं होतं.

मग बावीस तारखेचं पान उघडलं. आठ-दहा वेळा वाचलं. मी काय लिहून ठेवलंय ते वाचून अंगावर काटा आला, पण आकडे आहेत. ९.१, १३.४, २१.४, २८.४. तिची बोटं कुठे होती हे आता जगात या पानाशिवाय कुठेच लिहिलेलं नाही. एका चांगल्या कागदावर सुवाच्य अक्षरात नुसती मापं उतरवून काढली. खाली रेघ मारली. वही पण पिशवीत टाकली, का ते माहीत नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

गेलो. काका टेबलाशी बसले होते, समोर नुसतं लाकडी टेबल, त्यावर काही नाही. दाढी वाढलेली.

"काका, चूक झाली माझी," एवढंच मला बोलता आलं. दोन दिवस पाठ केलेलं सगळं विसरलो. कागद पुढे सरकवला.

त्यांनी चष्मा लावून वाचला. "हे काय?"

"मापं आहेत. घासायच्या आधी घेतली होती. प्रत्येक खड्ड्याची."

त्यांनी कागद टेबलावर सपाट ठेवला. "आठवून लिहिलंस?"

"नाही. त्याच दिवशी लिहिलं होतं. मोजून."

"मग ते दाखव."

पिशवीत वही होती. नाही म्हणता आलं असतं. घरी आहे म्हणता आलं असतं. मी उठून उभा राहिलो, पाठ फिरवली, आणि समोर कपाट होतं. डावं दार उघडं. आतल्या बाजूला बायकोचा कागद तसाच होता. मी गरम पाण्याने सोडवलेला कोपरासुद्धा कुणीतरी पुन्हा गोंद लावून बसवला होता.

काकू म्हणाल्या, "तो काढला नाही आम्ही. कुणाचं तरी अक्षर आहे, म्हटलं, असू दे. तुझ्या बायकोचं का रे?"

मला रडू फुटलं. इतकी वर्षं आलं नव्हतं ते परक्यांच्या घरात, भर दुपारी, लहान पोरासारखं आलं. बायको गेली तेव्हा मी दार लावून पॉलिश करायला गेलो होतो. काकूंनी पाणी दिलं. मी वही काढली, ते पान उघडून टेबलावर ठेवलं आणि खाली बघत बसलो.

काकांनी सगळं वाचलं. बोट ठेवून, एकेक ओळ. "कान कच्चा," त्यांनी मोठ्याने वाचलं. मी डोळे मिटून घेतले. "हे मीही म्हणायचो तिला," ते म्हणाले. "ठिपके बघ म्हणायचो. ती म्हणायची, बाबा, सूर थेट गाठला तर मजा काय? जरा अलीकडे उभं राहायचं आणि मग जायचं त्याच्याकडे." त्यांनी बोट मागच्या ओळीवर नेलं. "तीन मिलिमीटर. मला हे माहीत नव्हतं. तीनच होतं होय."

मग त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली आणि टेबलाच्या कडेला लावली. "सांग."

"नऊ पूर्णांक एक," मी सांगितलं. त्यांनी टेबलावर बोट ठेवलं. "तेरा पूर्णांक चार." दुसरं ठेवलं. "एकवीस पूर्णांक चार. हा सर्वांत खोल होता." तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि उचललं नाही. काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी वाकून आपलं बोट त्यांच्या बोटाशेजारी ठेवलं. कोरडं, सपाट टेबल.

"काका, मी पुन्हा कोरून देतो," मी म्हणालो. "हीच मापं, हीच खोली. केसाचा फरक पडू देणार नाही. मला येतं ते."

"येईल तुला," ते म्हणाले. "पण ते तू केलेलं असेल."

मी परत निघालो तेव्हा काकूंनी वहीतलं पान मागितलं. मी तो सुवाच्य कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, "साफ केलेलं तुझ्याकडे ठेव. आम्हाला तेच दे." म्हटलं, त्यात मी वाईटसाईट लिहिलंय. "असू दे. तिच्याबद्दल आता कुणी वाईटसुद्धा बोलत नाही रे."

टेबलाशी बसून नक्कल उतरवून घेतली, मग पान फाडलं. काकूंनी ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. लोकरीचे वर, रोजचे मध्ये, त्याच्या खाली.

दारात काकांना विचारलं, "उद्या याल ना?"

"आता कशाला?" ते म्हणाले. रागाने नाही. खरंच विचारत होते.

९ ऑक्टोबर, रविवार

दहा वाजता स्टूल खिडकीजवळ ठेवलं. मग त्यावर मीच बसलो.

तो कागद समोर टेकवून बोट ठेवलं. २१.४. ठिपक्याच्या तीन मिलिमीटर अलीकडे. तिथून सुराकडे जायचं. पन्नास वेळा केलं असेल. पहिल्यांदा नुसतं बेसूर वाटलं. मग बोट लवकर सरकवलं तर सूर थेट लागला, हळू सरकवलं तर पुन्हा बेसूर. खड्डा होता तेव्हा काही करावं लागत नव्हतं, बोट आपोआप तिथे जायचं. तेव्हा मी वाजवतोय असं मला वाटायचं.

साडेदहाला मास्तरांचा फोन आला. काल माझं वाजवणं हॉलवाल्यांना खूप आवडलं म्हणे. "असाच स्वच्छ वाजव," म्हणाले. हो म्हटलं.

स्टूल उचललं नाही, खिडकीशीच राहू दिलं.